जिथे अडखळायचं तिथे

भिंतीवर अक्षरांचा तक्ता. कुणाचा तरी खोकला. थेंबांची बाटली.

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून दोघे डोळे मिटून बसले होते. नर्सचे कान मात्र उघडे होते.

“प्रकाशककाका ना? खोकल्यावरून ओळखलं.”

“लेखिकाबाई! पंधरा वर्षांनी आठवण झाली?”

“नवं पुस्तक आलंय, काका.”

“ठाऊक आहे. मोठी कंपनी, मोठा फोटो.”

“तिथं कुणी वाचलंच नाही हो. फक्त विचारलं, मोबाइलवर तुम्हाला किती जण फॉलो करतात.”

“मी तुझं पान न् पान मोठ्यानं वाचायचो. मी अडखळलो की तू रुसायचीस.”

“पुढचं वाचाल? छापू नका, नुसतं अडखळा.”

“दुकान बंद केलं, पोरी.”

“कधी?”

“झाली काही वर्षं. घसा शाबूत आहे अजून. रविवारी ये.”

ती दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली, त्याच वर्षी काकांनी दुकानाची पाटी उतरवली होती.