तू फक्त ओठ हलव

—नाही नाही, खुर्ची अशी नको, खिडकी तोंडासमोर येऊ दे. मागे उजेड असला की चेहरा काळा दिसतो. आपल्याला चेहरा दिसायला हवाय, पण ओठ फार नीट दिसायला नकोत— कळलं ना? म्हणून कॅमेरा असा जरा वर. स्वीडल, घाबरू नकोस गं, इंटरव्ह्यू सव्वाअकराला आहे ना, अजून अर्धा तास आहे. हेडफोन कानात घाल. पिन लॅपटॉपला लावायची नाही, टेबलाखाली सोडून दे— म्हणजे त्यांना वाटतं तू हेडफोनवर ऐकतेयस, आणि मला इथे स्टुलावर, स्क्रीनच्या मागे, सगळं ऐकू येतं. ते विचारणार, मी उत्तर देणार, तू फक्त ओठ हलवायचे. एवढंच. फॅन बंद करावा लागेल, माइक आवाज पकडतो. घाम आला तर येऊ दे, इंटरव्ह्यूत सगळ्यांनाच येतो.

माझं वाक्य सुरू झालं की तू सुरू करायचं, मी थांबले की थांबायचं. एकेक शब्द पकडत बसू नकोस— नेट स्लो असलं की तसंही चित्र मागेपुढे होतं, ते आपल्या फायद्याचंच. अडकलीस तर तोंडावर हात धर आणि खोक. तुझी ती रोवेना— मावसबहीण ना तुझी?— ती फार खोकायची. तिनेच पाठवलं ना तुला इथे ठाकुर्लीला. सिलेक्ट झाली, पण आवाज कुठे जुळतो आमचा! पहिल्या दिवशी ऑफिसला मास्क लावून गेली, सर्दी झालीय म्हणाली. पंधरा दिवस सर्दी! अजून दुपारी फोन येतो तिचा— ताई, हा एरर कसला गं? मी सांगते. भाजी निवडता निवडता सांगते. सॉफ्टवेअर टेस्टिंग सात वर्षं केलंय मी, विसरणार काय त्यात.

हा आरसा घे, समोर धर, आणि म्हण— प, ब, म. ह्याला ओठ मिटावेच लागतात, इथेच माणूस पकडला जातो. सर्वेशचा आरसा आहे, माझ्या मुलाचा. त्याला ह्याच्यातच बघून शिकवलं मी, प प, ब ब— म्हणजे, उशिरा बोलायला लागला तो. तीन वर्षांचा होईपर्यंत एक शब्द नाही. आईसुद्धा नाही. नौपाड्यात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, आठवड्यातून तीनदा न्यायचे त्यांच्याकडे, आणि घरी दिवसभर आरसा. नोकरी कुठे जमणार. आता बोलतो गं, आता थांबतच नाही, म्हणून तर आज आजीकडे ठेवलाय. सासूबाई तेव्हा म्हणाल्या, कुठे बोलू नकोस, उद्या शाळेत पोराला नावं ठेवतील. मग मी कुठेच बोलले नाही. तुला का सांगतेय हे? तू गप्प बसतेस ना, म्हणून माणूस बोलत सुटतो.

हो, देते ना, माझ्या नावाने पण देते इंटरव्ह्यू. टेक्निकल सगळं बरोबर येतं— आणि मग एक प्रश्न येतो. व्हॉट वेअर यू डूइंग फॉर थ्री इयर्स? मी म्हणते, पर्सनल रीझन्स. तेवढंच. समोरचा वाट बघतो, मी स्क्रीनवर माझाच चेहरा बघत बसते, मग तो म्हणतो, वी विल गेट बॅक टू यू. कोणी येत नाही परत. आणि ह्या स्टुलावर बसले, नाव दुसऱ्या कोणाचं असलं, की अशी बोलते ना— दिसेलच तुला.

मेल दाखव बघू, लिंक चालतेय का ते आधी— थांब. हे नाव कोणाचं आहे, इंटरव्ह्यू घेणाऱ्याचं? सुधीर. हा मेल काल का नाही पाठवलास मला? नाही, ओरडत नाहीये. फॅन लाव जरा. लाव गं, अजून वेळ आहे.

हा सुधीर म्हणजे रोवेनाचा साहेब. रोवेनाचा इंटरव्ह्यू ह्यानेच घेतला. आणि त्याच्या तीन आठवडे आधी माझा. माझा, माझ्या नावाने. मला म्हणाला, ऋजुता, यू सीम आउट ऑफ टच. तीन आठवड्यांनी तेच प्रश्न, तीच उत्तरं, पण इथे मागे बसून— तर म्हणाला, व्हेरी गुड, इतकं क्लिअर बोलणारं हल्ली मिळत नाही कोणी. रोवेनाने छान मान डोलावली. आणि मी इथे गुडघे पोटाशी धरून बसलेले. हस तू, हसलीस तरी चालेल.

तिसऱ्यांदा आवाज ओळखेल ना तो? ओळखला तर तू गेलीस, आणि रोवेना पण गेली, तिचं तर डिसेंबरात लग्न आहे. आणि नाही ओळखला तर— तर परत म्हणेल व्हेरी गुड. खरं सांगू? मला वाटतंय, ओळखावा त्याने. मी उठून उभं राहावं आणि म्हणावं, बघा, मीच ती, दोन्ही वेळा मीच. बघ कसले विचार येतात! तुझं वाटोळं करून मी काय मिळवणार?

आवाज बदलू का? बारीक काढते— गुड मॉर्निंग सर— छे, कार्टूनसारखं वाटतंय. किती वाजले? अकरा पाच. दुसरी तारीख मागायची? नाही देत ते, एकदा गेली की गेली. एक काम कर, तुला काय काय येतं ते तरी बघू. त्याचा ठरलेला प्रश्न आहे एक— लिफ्ट कशी टेस्ट कराल? बोल. काहीही बोल. हं, वजन. ते सगळेच सांगतात. मध्येच लाईट गेली तर— बरं. काय? परत म्हण. तुमच्या बिल्डिंगमधल्या धाकूकाकांना दिसत नाही, ते बटणांवरचे उठावाचे आकडे बोटांनी चाचपून दाबतात— आणि कोणीतरी त्या आकड्यांवर जाहिरातीचा स्टिकर चिकटवला? आणि ते चौथ्याऐवजी पाचव्यावर उतरले, लोकांच्या घरात जाऊन बसले? मग? चहा पिऊन आले! अगं, हे सांग ना त्याला! हेच! मी लिफ्टचे अकरा मुद्दे घडाघडा बोलते, रोवेनाच्या वेळी पण तेच बोलले, त्यात न दिसणारा माणूस कुठेच नव्हता.

इंग्लिश तुझं चांगलं आहे, फक्त थांबत थांबत बोलतेस. थांब की मग. बोलायला वेळ लागला म्हणून कोणी— असो. नाही, मी नाही बसत आज मागे. तुझ्यावर उपकार वगैरे करत नाहीये हं, मलाच त्याच्या तोंडून परत ते व्हेरी गुड ऐकवणार नाही. रडू नकोस, डोळे लाल दिसतात. नापास झालीस तर झालीस, बावीस वर्षांची तर आहेस. आणि वळून माझ्याकडे बघायचं नाही. तू बघितलंस की मी उत्तर देणार, मला माहितीये, ह्या खोलीत मला गप्प बसताच येत नाही— म्हणून मी चालले. किल्ली घेतलीय. खाली गेटपाशी उभी राहते. हो, ह्याच गाऊनवर, कोण बघतंय. झालं की फोन कर. आणि काय? मी? मी त्याला सर्वेशचं सांगायला हवं होतं? तुला कोणी विचारलं गं? आज इंटरव्ह्यू कोणाचा आहे? सरळ सांगितलं असतं तर काय झालं असतं, म्हणे— मला काय माहीत काय झालं असतं! मी कधी सांगून बघितलंय?— वाजतंय. वाजतंय बघ. माझ्याकडे नको बघूस, उचल. मी गेले.