साक्षीदाराची जागा

तहसीलच्या रांगेत कमरुन्निसाच्या पुढं मायलेकी उभ्या होत्या. लेकीला अठरा भरली होती. सातबाऱ्यावरून पालक म्हणून लागलेलं आईचं नाव आज निघणार होतं.

“आई, ऐक तर. फ्रान्सचा एक राजा पाचव्या वर्षीच गादीवर बसला. कारभार आईच बघायची.”

“माझ्यावानीच की. सज्ञान कवा झाला?”

“तेरा भरल्यावर.”

“लईच लवकर. मग आईचं काय?”

“भर दरबारात ती त्याच्यापुढं वाकाया निघाली. तो उठला अन् तिला मिठीच मारली.”

“खरं सांगतीस?”

“पुस्तकात हाय.”

खिडकी आली. आईनं सवयीनं अंगठा पुढं केला.

“तुमचा नको, मावशी. आता पोरीची सही.”

लेकीनं सही केली.

“साहेब, साक्षीदाराची जागा मोकळी हाय. तिथं आईचा घ्या.”

“शाई इधर है, बाई,” कमरुन्निसानं डबी पुढं सरकवली.