बिनदाराच्या गावातलं कुलूप

ऱ्हस्व-दीर्घाची माफी आधीच मागतो, नववीतून शाळा सुटलेला माणूस आहे, शब्दही साधेच येतील... पण मला एक सांगा, शिंगणापुरात बसून कुलपाची कंपनी काढली यात आमचं काय चुकलं? हसा! सगळेच हसतात. घरांना दारं नसलेलं आमचं गाव, नुसती चौकट, कुत्रं शिरू नये म्हणून फार तर फळी टेकवायची, आणि तिथं मी नि आदिनाथ दोन वर्षं मोबाईलनं उघडणारं कुलूप बनवत बसलो! माझं वेल्डिंगचं दुकान, म्हणून लोखंड माझ्याकडं. तो इंजिनिअर, म्हणून मोबाईलमधलं सगळं त्याच्याकडं. पहिलीपासून एका बाकावरचे आम्ही. माझी आई रोज म्हणायची, "आरं, दार न्हाई तितं कुलूप कशाला?" मी म्हणायचो, "आई, बाहेर इकायचंय." "मंग बाहेरच जाऊन बनवा की!"

तर तुम्हाला सांगतो, नगरला भाषण होतं. विषय काय, तर शहर स्टार्टअपचं माहेरघर कसं होतं! पुण्याहून शामकांत सर आलेले, नव्या कंपन्या काढणाऱ्या पोरांना बसायला जागा देणारे. म्हणाले, "कॉलेजं लागतात, पैसा लावणारे लागतात, पडलेल्याला न हसणारे लोक लागतात. थोडक्यात काय, वातावरण लागतं, वातावरण!"

आता वातावरण म्हणजे काय हो? आमच्याकडं ऊन आहे, धूळ आहे, शनिवारी तेलाच्या बाटल्या घेतलेली ही गर्दी आहे... याहून किती वातावरण पाहिजे? विचारायचं म्हणून मी हात वर केला. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी लगेच डोकं खाजवलं.

चहाच्या वेळी आदिनाथनं कुलूप दाखवलं. सर खूश! "वा! कुठल्या दारावर लावून बघितलंत?" आदिनाथनं माझ्याकडं बघितलं. मग मीच बोललो, "दुकानात, सर... खिळ्याला टांगून." "दाराला नाही?" "दारच नाही, सर." हसले ना सगळे! पडलेल्याला न हसणारे लोक लागतात म्हणणारे सरसुद्धा हसले!

मग आदिनाथच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू पुण्याला ये. आमच्याकडं बस. अशी पोरं शेजारी-शेजारी बसली ना, की एकाचं अडलेलं दुसरा सोडवतो." आदिनाथनं विचारलं, "आणि वैजनाथ?" वैजनाथ म्हणजे मी. खोटं कशाला बोलू, विचारलं त्यानं. सर म्हणाले, "वेल्डिंग काय रे, पुण्यात कुठंही होतं!"

परतीच्या बसमध्ये घोडेगाव फाटा आला. मग आदिनाथ खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वैज्या, तू 'नको' म्हन, मी न्हाई जात."

आता काय म्हणायचं होतं मी? तुम्ही सांगा! शेजारी बसलं की अडलेलं सुटतं, तर मग पहिलीपासून आम्ही काय लांब बसलो होतो? 'नको जाऊ' अगदी ओठावर आलं... आणि तोंडातून निघालं, "जा की लेका! वातावरण लागतं, वातावरण!"

आठव्या दिवशी गेला. बस सुटेपर्यंत मी हसत होतो, गाल दुखले. दुकानात येऊन बघतो तर कुलूप खिळ्याला तसंच, बंद! आणि ते उघडणारा मोबाईल त्याच्या खिशात. कुलपात सिम घातलेलं, पण गावाबाहेरून कधी उघडून बघितलंच नव्हतं, कारण दोघंही इथंच!

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. "आदि, कुलूप उघड रे." त्यानं पुण्यात बोट टेकवलं आणि माझ्यासमोर... खट्ट! "उघडलं का? आरं बोल ना!" मी म्हटलं, "उघडलं." तिकडं तो ओरडला, "सर, दीडशे किलोमीटरवरनं उघडलं!" आणि हीऽऽ टाळ्या! आहे बघा, वातावरण आहे तिकडं. इकडं मीही वाजवल्या. एकट्यानंच.

फोन बंद झाला. मग मी कुलूप पुन्हा दाबून बंद करून ठेवलं. उघड म्हणायला तरी उद्या फोन करता येतो.