जिंकलेलं इंजिन

हॅलो?… हॅलो, दशरथ आहे का? आहेत का?… मी यज्ञेश्वर बोलतोय. यज्ञेश्वर… हडपसरचा, वर्कशॉपवाला.

हो. तोच.

नाही, ठेवू नका, एक मिनिट… हिरावहिनी ना आपण?… हो, वहिनी म्हटलं… नाही, तेव्हा नव्हतो म्हणत. तेव्हा 'ए, दशरथची बायको' म्हणायचो… बरोबर आहे तुमचं.

नंबर ना? बुद्धभूषणकडून घेतला. तुमच्या मुलाकडून, बुधवार पेठेतल्या दुकानात जाऊन… माहीत होतं हो, त्याचं दुकान आहे ते. चार वर्षं समोरनं जातोय, आत जायचं धाडस नव्हतं. आज गेलो. त्यानं ओळखलं नाही म्हणून बरं… ओळखलं होतं?… मग दिला कसा नंबर?… 'आईच काय ते बोलेल' असं म्हणाला. बरं.

दशरथ घरात आहे का?… आंघोळीला गेलाय. हं. मग मी नंतर… नाही, नंतर नको. नंतर माझ्याच्यानं होणार नाही. तुम्हालाच सांगतो, ऐका जरा.

ती मोटरसायकल… हो, रेसची. मद्रासला पहिली आलेली. आहे ना. अडतीस वर्षं दिवाणखान्यात उभी आहे, काचेच्या कपाटात. आमची ही, सुहासिनी, रोज पुसते. माझ्याकडे बघत नाही इतकं त्या गाडीकडे बघते.

नाही, चालवली नाही कधी. जिंकलेलं इंजिन उघडायचं नाही, हे माझं तत्त्व… हो, हो, तत्त्व. हसा. हसायचीच गोष्ट आहे.

तर रविवारी क्लबचा कार्यक्रम आहे, जुन्या रेसच्या गाड्यांचा. ती सुरू करून दाखवायची आणि मग माझा सत्कार. स्वतःच्या हातानं कॅमशाफ्ट बनवणारा माणूस म्हणून. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला तो दांडा, व्हॉल्व्ह उघडतो आणि… माहीत आहे? बरं. तुम्हाला मी काय शिकवणार.

क्लबचा आमोद म्हणून आहे, हिंजवडीला असतो, सुट्टी टाकून आला मला मदतीला. त्याच्यासमोर इंजिन उघडलं. म्हटलं बघ, हा माझ्या हातचा कॅम. बाहेर काढला तर… माझा नव्हताच तो.

अहो खरंच. माझ्या कॅमचे उंचवटे असे बसके होते. याचे किती सुरेख… आमोदनं फोटो पाठवले सगळीकडे. इंग्लंडला पाठवले. कोणाला ओळखता येईना, कुठल्या कंपनीच्या यादीत नाही. आणि मी काय म्हणालो माहितीये? म्हणालो, कोणीतरी मागनं माझ्या इंजिनात हात घातलाय, कुठल्यातरी टिनपाटानं. टिनपाट म्हणालो मी त्याला.

काल संध्याकाळी रॉकेलमध्ये धुतला. टोकावर आकडे दिसले. ठोकलेले, अर्धे घासलेले, अर्धे शाबूत. चार, सात आणि अर्धा नऊ.

वहिनी… तो त्या रॉडचा नंबर आहे. त्या परदेशी पोलादाच्या रॉडचा. जो मी… जो दशरथनं चोरला असं मी म्हणालो.

हॅलो?… आहात ना?

तुम्हाला माहीत होतं?… म्हणजे पहिल्यापासून?… घरी? घरी कानस मारत होता? दोन रविवार?… नाही, मला काय कल्पना. लेथवर वर्कशॉपात केला असेल आधी, जेवणाच्या सुट्टीत…

आणि माझा काढून हा बसवला… चीर होती माझ्या कॅमला. हो… हो, सांगितलं होतं त्यानं. आठवतंय. 'साहेब, याला चीर आहे, रेसमध्ये तुटेल, चालवणारा पोरगा पडेल.' मी म्हणालो, तू मला शिकवू नकोस… हेच शब्द. तुम्हाला पाठ आहेत.

आणि मी चोर म्हणालो त्या दिवशी तो म्हणाला होता, इंजिन उघडून बघा साहेब, रॉड आतच आहे. मी म्हटलं, जिंकलेलं इंजिन मी उघडत नसतो. नुसते चार नट होते हो. अर्ध्या तासाचं काम.

नाही, कुठेच काम मिळालं नसणार. मीच फोन केले होते सगळ्यांना, याला ठेवू नका म्हणून… तीस वर्षं रिक्षा. हे मला कोणीतरी सांगितलं होतं, मी म्हटलं बरं झालं. लाज वाटते सांगायला, पण म्हटलं होतं.

काय?… नाही, तसं नाही… एवढ्यासाठी नाही, म्हणजे…

हो. काम आहे. तुम्ही बरोबर ओळखलंत. त्या कॅमची मापं कुठेच नाहीत. चुकीचा बसवला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटेल, इंजिन फुटेल. मापं फक्त दशरथला माहीत असणार. फोन करायचा ठरवला तो कामासाठीच. माफीचं नंतर सुचलं… हो, असाच आहे मी. खोटं कशाला सांगू आता.

आला का तो?… द्या. द्या ना.

दशरथ?… अरे मी… हो. हो, काढला बाहेर… नाही, मुळीच झीज नाही. आरशासारखा आहे… व्हॉल्व्ह? व्हॉल्व्ह पण ठीक आहेत. दशरथ, आधी मला एक बोलू दे, मी तुला त्या दिवशी… थांब, थांब, पेन घेतो. सांग.

इनलेट व्हॉल्व्हची फट आठ थाऊ, इंचाचे आठ हजारांश. एक्झॉस्ट बारा. इंजिन गार असताना… आणि कॅमचा गिअर खुणेवर नाही बसवायचा? एक दात मागे. बरं. एक दात मागे… अरे, अडतीस वर्षांनी तुला हे तोंडपाठ कसं?… हं. हे विसरायला दुसरं काम कुठे मिळू दिलं मी तुला.

ऐक, रविवारी मी माइकवर तुझं नाव घेणार आहे. सगळ्यांसमोर. तू ये, गाडी पाठवतो… का?… नको कसं? तीनशे माणसं असतील, त्यांना कळू दे ना की… हो, तुला चोर म्हटलेलं त्यांनी नव्हतं ऐकलं. खरंय. ज्यांनी ऐकलं त्यांना?

बापूराव गेला रे, दोन वर्षं झाली. फिटर गणपुले तर केव्हाच. तो वॉचमनही… नाही. त्यातलं कोणीच उरलं नाही, दशरथ. मी विचार केला होता काल.

कोण?… हिरावहिनी होत्या?… डबा घेऊन. फाटकात. मला दिसल्या नव्हत्या… हो. सांगतो. दे त्यांना.

वहिनी… तुम्ही होतात, मला माहीत नव्हतं. तुमच्यासमोर मी… तर, दशरथनं चोरी केली नव्हती.

काय?… मोठ्यानं? अहो, बाहेर आमोद आहे, सुहासिनी आहे. त्यांना अजून यातलं काही… हो. तेव्हा मी ओरडलो होतो, रस्त्यापर्यंत ऐकू गेलं होतं. बरोबर आहे.

दशरथनं चोरी केली नव्हती! मी त्याला चोर म्हणालो ते खोटं होतं. रॉड माझ्याच घरात होता. तो कॅम त्यानं केला, मी नाही.

…हो, ऐकलं. दोघंही दारात येऊन उभे आहेत.

सुहासिनी विचारतेय, कोण दशरथ… वहिनी, मी हिला कधी सांगितलंच नव्हतं हो. काय सांगू?… हॅलो?… वहिनी?

हॅलो?