होटगीच्या मुमताज यांच्या घड्याळाबाबत

पोलीस ठाणे, सोलापूर शहर
दि. १४/०२/२०२५, वेळ दुपारी १२.४०

मी, महिपती संगप्पा कोरे, वय ६३ वर्षे, धंदा निवृत्त चित्रकला शिक्षक, रा. जुळे सोलापूर, कोणी न बोलावता स्वतः ठाण्यात हजर राहून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी प्रभा हिच्यासह राहतो. मला जुनी, चावीची मनगटी घड्याळे घेण्याचा नाद आहे. आजपर्यंत अकरा घेतली. त्यातील चार चालतात. बाकीच्यांबद्दल घरात काय बोलले जाते ते येथे सांगण्याची गरज नाही.

नवी पेठेत शाकीर इसूफ यांचे घड्याळदुरुस्तीचे छोटे दुकान आहे. ते आधी चालवणारे त्यांचे वडील इसूफ उस्ताद आता हयात नाहीत. दि. ०३/०२/२०२५ रोजी सकाळी शाकीर यांचा फोन आला, की एक घड्याळ आले आहे, तुम्ही बघितल्याशिवाय बाहेर ठेवत नाही. मी साडेअकरा वाजता दुकानात पोहोचलो.

घड्याळ स्विस, हाताने चावी द्यायचे, साधारण १९६० च्या सुमाराचे. इतके पातळ, की शर्टाच्या बाहीखाली असल्याचे कळत नाही. तबकडी सायीच्या रंगाची. मी भिंग लावून पाहिले. जुन्या घड्याळांच्या तबकड्या पुन्हा रंगवून विकतात आणि तिथेच माझ्यासारखे फसतात. ही रंगवलेली नव्हती. बारीक अक्षरांच्या कडा रेखीव होत्या आणि एकही काटा वाकवलेला नव्हता. चावी मात्र नंतर कधी बदललेली होती.

सदर घड्याळ भरीव सोन्याचे नाही. त्याला 'गोल्ड कॅप्ड' म्हणतात. म्हणजे घड्याळाच्या पोलादी डबीवर सोन्याचा जाड पत्रा दाबून बसवलेला असतो. मागचे झाकण उघडे पोलादाचे राहते. हा मुलामा नव्हे. मुलामा पाच-दहा वर्षांत कडांना उडतो. इथे पट्टा अडकवण्याची चारही टोके साठ वर्षे बाहीला घासून नुसती गोल झाली होती, पोलाद कुठेही दिसत नव्हते. ज्या कारागिराने तो पत्रा बसवला त्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

शाकीर यांनी पाठ उघडली. दुरुस्ती करणारे लोक घड्याळ साफ केले की झाकणाच्या आतून सुईने आपली खूण आणि साल कोरतात. मालकाला ती कधी दिसत नाही, पुढच्या कारागिराला दिसते. आत चार खुणा होत्या. १९७२, १९७८, १९८६, १९९५. चारही खुणा एकाच हाताच्या. शाकीर यांनी खुणांवरून बोट फिरवले. मग म्हणाले, अब्बांचा हात आहे. आतले यंत्र इतके स्वच्छ होते की कुठल्याही स्क्रूच्या खाचेला ओरखडा नव्हता. चार वेळा उघडून एकही ओरखडा नाही! मी स्वतः आयुष्यभर हाताचे काम शिकवले आहे. असा हात मी पाहिला नाही.

हे घड्याळ आपण बार्शीच्या बाजारात एका भंगारवाल्याकडून घेतले असे शाकीर यांनी तेव्हाच सांगितले होते. मी पावती घेऊन ते विकत घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते अर्धे मिनिटही चुकले नाही. मी फार खुशीत होतो.

दि. १२/०२/२०२५ रोजी हवालदार बिरुदेव वाघमोडे शाकीर यांच्या दुकानाच्या पावत्यांत माझे नाव पाहून माझ्या घरी आले. होटगी येथील मुमताज, वय ७२, यांच्या बंद घरातून जानेवारीत पतीचे घड्याळ चोरीस गेले होते. तक्रारीत 'भरीव सोन्याचे' असे लिहिले होते, आणि ते नवी पेठेतले इसूफ उस्ताद साफ करीत असेही लिहिले होते. हवालदारांनी माझे घड्याळ उलटे करून पाठ पाहिली आणि म्हणाले, ही तर पोलादाची आहे, हे ते नव्हे. मी तेव्हा काही बोललो नाही.

आतल्या खुणा मला माहीत होत्या. पाठ उघडा एवढेच मला म्हणायचे होते. मी म्हणालो नाही, कारण मला ते घड्याळ हवे होते. याची मला लाज वाटते. दोन दिवस मी ते हातावर घातले. काल प्रभा म्हणाली, "चोरीचं न्हाई ना ते? मग सारखी बाही का ओढताय खाली?" मी तिला सगळे सांगितले. तिने चहा खाली ठेवला आणि माझी बाहेर जायची चप्पल दाखवली. आज सकाळी मी शाकीर यांना घेऊन येथे आलो.

मुमताज यांना बोलावण्यात आले. सर्वांसमक्ष शाकीर यांनी पाठ उघडली व वडिलांच्या खुणा ओळखल्या. मुमताज यांनी घड्याळ हातात घेतले, झाकण लावू दिले आणि काही न विचारता चावी दिली. चावी जिथे घट्ट होते त्याच्या जरा अलीकडे त्या थांबल्या. त्यांचे पती अझरुद्दीन रेल्वेत होते आणि निकाहात त्यांना हे घड्याळ सासऱ्यांनी, म्हणजे मुमताज यांच्या वडिलांनी, दिले होते.

हवालदारांनी विचारले, की तक्रारीत भरीव सोन्याचे का लिहिले, त्यामुळे परवा हे हातातून सुटले. मी मध्ये पडून गोल्ड कॅप्ड म्हणजे काय ते सांगू लागलो. मुमताज म्हणाल्या, "ठावं हाय की मला. पाठ मला बी दिसती. माज्या बाबांना सोन्याचं म्हनून इकलं, त्यांनी तसंच दिलं. ह्यांनी पन्नास वर्सं त्याला सोन्याचंच म्हटलं. जेवायला बसताना काढलं तरी पाठ कुनाला दावली न्हाई, माज्या बाबांची इज्जत म्हनून. आता मी कसं दुसरं लिवून देऊ, साहेब?"

मी माझ्या ताब्यातील समोरून सोन्याचे घड्याळ तपासासाठी हजर केले आहे व ते मुमताज यांना मिळावे अशी माझी विनंती आहे. शाकीर यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

वरील जबाब हवालदारांनी मला मराठीत वाचून दाखवला. त्यात त्यांनी, तपासल्याशिवाय सोने लिहायचे नाही या आपल्या रिवाजाप्रमाणे, 'पिवळ्या धातूचे घड्याळ' असे लिहिले होते. त्यास मी हरकत घेतली. मी भिंगाने पाहिले आहे. समोरून जेवढे दिसते तेवढे सगळे खरे सोने आहे. माझ्या सांगण्यावरून तेथे 'समोरून सोन्याचे' असे दुरुस्त केले असून खाडाखोडीवर माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही/-
महिपती संगप्पा कोरे