उलटतपासणीतला एक जादा प्रश्न

राव, मी घोडेगावच्या कोर्टात सरकारी वकील होतो तेव्हा गोव्याच्या दारूचा एक टेम्पो पकडला होता. ड्रायव्हरचं म्हणणं एकच, "खोक्यांत काय आहे, मला माहीतच नव्हतं." ते खोटं पाडायला माझ्याकडे पुरावा नव्हता. साक्षीला होते फक्त निरगुडसरचे दगडूबाबा. चिखलात रुतलेला तो टेम्पो त्यांनी ट्रॅक्टरनं ओढून काढला होता.

साक्षीत बाबा 'दारूचा टेम्पो' असं बोलून गेले, तसा उलटतपासणीत आरोपीचा वकील त्यांच्यावर खेकसला, "सीलबंद खोक्यांत दारू आहे, हे तुम्हाला स्वप्नात दिसलं का?"

"न्हाई साहेब. टेम्पो काढला म्हनून ह्यो ड्रायव्हरच मला बाटली देत व्हता. म्हनला, 'बाबा, गोव्याचा माल हाय, लई भारी!'"

पोलिसांनी हे त्यांना कधी विचारलंच नव्हतं. अख्खं कोर्ट हसलं, अन् माझी केस उभी राहिली.

शिक्षा झाल्यावर ड्रायव्हर आपल्या वकिलाला म्हणाला, "साहेब, गप बसायची फी किती घेतली असती?"