ठराव गुळाअभावी तहकूब

जबाब, ता. ३० नोव्हेंबर १९३८. चौकीच्या ओट्यावर घेतला, कारण आत चूल धुमसत होती.

मी पुंडलिक आत्माराम देवरे, वय ४७, धंदा ग्रामविद्यापीठाचा कुलसचिव, म्हणजे पत्रे लिहिणे, घंटा देणे व मोडकी खिडकी दोरीने बांधणे, राहणार स्टेशनजवळ, खांडबारा, तालुका नवापूर, जिल्हा पश्चिम खानदेश. समक्ष विचारल्यावरून सांगतो ते असे की,

प्रथम माझी स्वतःची तक्रार लिहून घ्यावी. गेले पाच दिवस आमच्या विद्यापीठाचा समस्त अध्यापकवर्ग, मी धरून चौघे, बिनगुळाचा चहा पीत आहे. गणिताच्या अध्यापकांनी काल फळ्यावर चुकीचा गुणाकार केला व तो पुसलाही नाही. याचे कारण, विद्यापीठात होती ती गुळाची एकुलती एक भेली आपल्या चौकीच्या कपाटात मुद्देमाल म्हणून मोहोर लावून ठेवली आहे. मोहोर माणसांसाठी आहे. मुंग्यांनी ती मानलेली नाही, हे मी आत्ताच कपाटाच्या फटीतून पाहिले. दुकानातून दुसरा गूळ का आणला नाही, असे हवालदारांनी विचारले. त्याचे उत्तर पुढे येईल.

आमचे विद्यापीठ सरकारमान्य नाही. इमारती दोन: एक कचेरी, तिच्यात शिकवणे, सभा व माझी खाट, दुसरे वसतिगृह, तिथे डोंगरातल्या गावांची मुले राहतात. शेती, सुतारकी, हिशेब व वाचन शिकवतो. कारभार एकट्याने कोणी करायचा नाही, असे घटनेत आहे. म्हणून कारभारी मंडळ अकरा जणांचे: अध्यापक, पालक, मोठे विद्यार्थी, गाडीवान. अध्यक्षस्थानी कुलपती प्रेमचंद शेठ, गवताचे व्यापारी. वसतिगृहाची इमारत त्यांनीच बांधून विद्यापीठाला बक्षीस दिली. मी मंडळाचा चिटणीस असून मला मत नाही. चिटणिसाला मत असले की तो लिहिताना चुका करतो, असे शेठजींचे पहिल्या दिवसापासूनचे मत आहे.

गुळाबद्दल सांगतो. हात वर केले की ठराव झाला, हे पालक सभासदांना पहिल्याच सभेत पटले नव्हते. डोंगरात पंच बसले की निकाल लागल्यावर सगळ्यांनी एकाच मडक्यातली मोहाची घ्यायची, मग तो निकाल. घेतली नाही तोवर नुसती बडबड. विद्यापीठात दारूबंदी. तेव्हा तीन सभा वाद होऊन दारूऐवजी गूळ ठरला. हजर असलेल्या सर्वांनी गूळ खाल्ल्याशिवाय ठराव अमलात येत नाही. गूळ दरमहा एका सभासदाने पाळीने आणायचा. चिटणिसाला मत नाही, पण पाळी आहे. पाळीवाल्यानेच आणलेला गूळ चालतो, दुसऱ्याचा नाही. नाहीतर ज्याच्याकडे गूळ जास्त त्याचे ठराव जास्त होतील, अशी शंका निघाली होती. पुढे एकदा सभेत मुंग्या निघाल्या, तेव्हा खाऊन उरेल तो गूळ आणणाऱ्याचा, त्याने घरी न्यावा, हेही ठरले. महिना सरेपर्यंत ज्या ठरावाचा गूळ खाल्ला गेला नाही तो ठराव बारगळला. हे सर्व शेठजींच्या सहीने झाले आहे. ते स्वतः दर वेळी दोन खडे खातात.

नोव्हेंबरची पाळी माझी.

ता. २५ रोजी दिवस मावळताना सभा भरली. शेठजींनी ठराव मांडला की, वसतिगृह बंद करून ती इमारत होळीपर्यंत गवताच्या गठ्ठ्यांसाठी द्यावी. शेठजींच्या बाजूने सांगणे माझे कर्तव्य आहे. गेल्या साली अवकाळी पावसाने त्यांचे स्टेशनाबाहेर रचलेले गवत कुजले व सुरतेच्या व्यापाऱ्याने ते रेल्वेच्या वाघिणीतून उतरवूनही घेतले नाही. दोन वर्षांमागे वसतिगृहातल्या एका पोराला ताप चढला, तेव्हा याच शेठजींनी भरलेली गाडी रस्त्यात रिकामी करून पोराला नवापूरला पाठवले व स्वतः मागून चालत गेले. वाईट माणूस असता तर हा जबाब सोपा झाला असता.

त्या सभेत ते म्हणाले की मुलांनी घरून येऊन जाऊन करावे, त्यांना डोंगर चढण्याची सवयच आहे. यावर पालक सभासद मरियमबाई बोलल्या. या नवापूरच्या सीमेवरच्या डोंगराळ भागातल्या, ख्रिस्ती, भाताची शेती करतात. यांची मुलगी वसतिगृहात आहे. त्या म्हणाल्या, "मंग तुमना गवतले बी बाहेर झोपानी सवय व्हई जाई, शेठ."

सभेत हसू झाले. शेठजीही हसले. मग त्यांनी मत मागितले.

सहा हात वर झाले. त्यात सुरुपसिंग गाडीवानाचा एक होता. सुरुपसिंग विद्यापीठाची गाडी आठवड्यात दोन दिवस हाकतो व शेठजींची पाच दिवस. त्याचा हात खांद्याच्या वर गेला नव्हता, पण मी तो मोजला. मोजणे माझे काम आहे.

शेठजी म्हणाले, ठराव झाला, गूळ फिरवा. गूळ फिरवण्याचे काम मरियमबाईंकडे असते. त्या उठल्या, ताटातली भेली उचलून पदरात घेतली आणि दाराकडे निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तुमना हात वर शेतस, शेठ. गूळ मन्हा हातमा शे."

एवढे बोलून त्या गेल्या. सहा जणांचे हात अजून वर असल्यामुळे त्यांना कोणी अडवले नाही.

रोज प्रार्थनेनंतर वसतिगृहाच्या पायरीवर उभे राहून मी दिवसाचा कारभार वाचून दाखवतो. आम्ही त्याला कारभारवार्ता म्हणतो. मी मराठीत वाचतो आणि सुरुपसिंग मुलांच्या बोलीत सांगतो, कारण माझी मराठी त्यातल्या निम्म्या पोरांना परीक्षेपुरतीच कळते. त्या दिवशी मी वाचले: वसतिगृह बंद करण्याचा ठराव बहुमताने आला, गुळाअभावी तहकूब. सुरुपसिंग काहीतरी दोन शब्द बोलला व गाडी सोडायला निघून गेला. मी मागाहून विचारले तेव्हा कळले की तो एवढेच म्हणाला होता, जेवायला चला.

परंतु सभेच्या खिडकीला गज आहेत, फळ्या नाहीत. मुलांनी आधीच ऐकले होते. जेवणानंतर मी कंदील घेऊन फेरी मारली तेव्हा सर्वांनी आपापल्या गोधड्यांची गाठोडी बांधून भिंतीला लावली होती. मी गाठोडी सोडा म्हणालो. त्यांनी मान हलवली. गेले पाच दिवस ती पोरे गाठोड्यांवर डोकी ठेवून नुसत्या जमिनीवर झोपतात. माझ्या वार्तेवर त्यांचा फारसा विश्वास नाही. नवी विहीर खणणार असे मी त्यांना तीनदा वाचून दाखवले आहे.

दुसऱ्या दिवशी शेठजी माझ्या खाटेशी आले व म्हणाले, "मास्तर, दुकान समोर आहे. पाळी तुमची आहे. दुसरी भेली आणा, विषय संपवा." मी सांगितले की, पहिल्या गुळाचा निकाल लागल्याशिवाय दुसरा गूळ ताटात ठेवता येत नाही; एका ठरावावर दोन गूळ अशी घटनेत सोय नाही. शेठजी म्हणाले की, असे असेल तर माझ्या पगाराचा ठरावही गुळाविना राहील. मी म्हणालो की तो दिवाळीपासून तसाच आहे. त्यांना वाईट वाटले असावे. त्यांनी माझा चहा उचलला, एक घोट घेतला व तोंड वाकडे करून खाली ठेवला.

यावरून हवालदारांच्या प्रश्नाचे उत्तर मिळेल. नोव्हेंबर महिन्यात माझ्याजवळ गुळाचा खडा जरी सापडला असता, तरी तो पाळीचा गूळ ठरला असता. म्हणून मी आणला नाही. कोणत्याही दुकानदाराला विचारावे.

मग गुळाचा निकाल लावून घ्यावा म्हणून शेठजींनी चौकीत फिर्याद दिली की, मरियमबाईंनी विद्यापीठाची भेली चोरली. जप्तीच्या वेळी पंच म्हणून मी हजर होतो. भेली मरियमबाईंच्या घरात येशूच्या तसबिरीखालच्या फळीवर, स्वच्छ फडक्यात बांधलेली मिळाली. घरात तीन लहान मुले आहेत. आम्ही चहासाठी खरवडली होती त्यापलीकडे भेलीचा कोपरासुद्धा मोडलेला नव्हता. चोरीचा माल असा ठेवलेला मी पाहिला नाही. हे वाक्य माझे मत आहे, हकीकत नव्हे, म्हणून लिहू नये असे हवालदारांचे म्हणणे पडले. माझा आग्रह असल्यामुळे लिहिले.

तेव्हापासून मरियमबाईंनी सकाळी चौकीत यावे व संध्याकाळी जावे असे झाले. त्या ओट्याच्या कडेला बसून अंबाडीचा दोर वळतात. शेतात त्यांचे भात कापून पडलेले आहे. ते कोणी उचलले, हे मला विचारलेले नाही. तरी सांगतो, सुरुपसिंगने उचलले. शेठजींच्या गाडीतून. शेठजींना हे आज कळत असावे, कारण ते समोर स्टुलावर बसून ऐकत आहेत.

मला जबाबासाठी यापूर्वी दोनदा बोलावणे आले. दोन्ही दिवशी मला पोटशूळ होता. दाखला नाही. दुसऱ्यांदा मी तसे सांगायला इथपर्यंत आलो, तेव्हा मरियमबाई दोरावरची नजर न काढता शिपायाला म्हणाल्या, "मास्तरना पोटमा गूळ नई, म्हणीसन दुखस. जाऊ द्या त्यासले. मी बठेल शे आठे." त्यांनी मला जबाब न देता थांबण्यास सांगितले असा याचा अर्थ होतो काय, असे हवालदार विचारतात. मी अहिराणीचा परीक्षक नाही. मी परत गेलो. त्यांचे भात शेतात आणि त्या ओट्यावर, हे मला माहीत होते. त्या रात्री पोटशूळ खरा होता.

आता हवालदारांचा मुख्य प्रश्न: गूळ कोणाचा?

गूळ माझा. पाळी माझी, भेली माझ्या नावावर ताटात आली. तिच्या कडेने खरवडून आम्ही चौघे चहा करीत होतो, तो माझ्या परवानगीने. ठराव खाल्ला गेला नाही, म्हणजे ती सगळीच्या सगळी उरली, आणि उरलेली आणणाऱ्याची. विद्यापीठाची ती कधीच नव्हती, म्हणून विद्यापीठाची चोरी झालेली नाही. माझी झाली असेल तर माझी फिर्याद नाही.

मी ती भेली कुठून आणली, हेही विचारले. महिन्याच्या सुरुवातीला माझा बाजार चुकला. मरियमबाई त्या दिवशी मुलीला भेटायला आल्या होत्या. त्यांच्या टोपलीत घरची भेली होती, ती मी उसनी घेतली व महिन्याअखेर तशीच भेली परत करीन असे बोललो. सुरुपसिंग तिथे होता. ही गोष्ट आधी का सांगितली नाही, याचे उत्तर असे की, उसने परत करण्याची मुदत आज आहे. आज महिनाअखेर. उद्यापासून डिसेंबर, आणि डिसेंबरची पाळी मरियमबाईंची.

हे लिहून झाल्यावर शेठजींनी मला विचारले, "मास्तर, मग माझं गवत मी कुठे ठेवू?" यात राग नव्हता. ते रात्री आभाळ बघायला उठतात हे स्टेशनावर सर्वांना माहीत आहे.

मी सांगितले की कचेरीची इमारत घ्यावी. सगळे मावणार नाही, निम्मे मावेल. वर्ग आंब्याखाली भरतील. माझी खाट व कागद वसतिगृहाच्या ओसरीत जातील. तिथे वारा येतो, पण मुले जवळ आहेत. उरलेल्या निम्म्यावर विद्यापीठाची ताडपत्री टाकावी, ती दोन ठिकाणी फाटली आहे. हे मंडळापुढे ठेवावे लागेल, हेही मी सांगितले.

मरियमबाईंनी दोर बाजूला ठेवला. म्हणाल्या, "त्याले गूळ मी दिसू." म्हणजे त्या ठरावाला गूळ त्या देणार.

शेठजींनी फिर्याद मागे घेतो असे म्हटले. त्यांचा वेगळा जबाब व्हावा.

मला लवकर मोकळे करावे ही विनंती. आजची कारभारवार्ता अशी आहे: वसतिगृहाचा ठराव बारगळला, गाठोडी सोडावीत. ती सुरुपसिंगने आधी सांगावी व मी नंतर वाचावी असे आम्ही ठरवले आहे, म्हणजे मुलांचा विश्वास बसेल.

हा मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला. ओट्यावरच्या सर्वांनी ऐकला. सुरुपसिंगने तो मरियमबाईंना त्यांच्या बोलीत सांगितला; त्यांनी एके ठिकाणी हसून मान हलवली, ते ठिकाण पोटशुळाचे होते. माझ्या सांगण्याबरहुकूम लिहिले आहे, कमीजास्त नाही.

(सही) पुं. आ. देवरे

सहीनंतरची नोंद: मोहोर तोडून गुळाची भेली नग एक माझ्या ताब्यात मिळाली. ती तिथेच मरियमबाईंना उसन्यापोटी परत केली. त्यांनी चहापुरता खडा मोडून माझ्यापुढे धरला. महिना आज रात्रीपर्यंत आहे, म्हणून तो घेतला नाही. भेली मुंग्या झाडून दिली.